नाव विणायचं तर आधी चौकटी मोजा

आज आम्ही जरा अवघड काम अंगावर घेतलं आहे. क्रोशा हा शेजारी बसवून, हात धरून शिकवायचा असतो. रेडिओवर ना आमचा हात दिसतो, ना सुई. तेव्हा एक करा. घरात मुलांची गणिताची चौकटीची वही असेल ती घ्या, एक पेन्सिल घ्या आणि बसा. मासिकात वाचत असाल तरी वही घ्याच. आजचं अर्धं काम सुईचं नाही, वहीचं आहे.

आमचं गाव तोरणमाळ. तोरणादेवीवरून नाव पडलं असं सगळे सांगतात. पण पाहुणे येतात आणि गमतीने विचारतात, तुमच्या गावात तोरणं मिळतात का? आधी आम्ही हसून सोडून द्यायचो. मग गटातल्या एका ताईने म्हटलं, मिळत नाहीत तर करू या की. ती शहाद्याला बहिणीकडे राहून क्रोशा शिकून आली होती. तिथूनच हे सुरू झालं.

तुम्ही पाहिलं असेल, जुन्या घरांत दाराला पांढऱ्या दोऱ्याचं तोरण असतं आणि त्यात जाळीत उठून दिसेल असं ‘सुस्वागतम’ लिहिलेलं असतं. ताटावर झाकायच्या रुमालावर मोर असतो, कधी नाव असतं. रुखवतात नवरा-नवरीची नावं विणलेला रुमाल हमखास मांडतात. रुखवत ही आमच्या पाड्यांवरची रीत नव्हे, ती खाली शहाद्या-तळोद्याकडची. पण गिऱ्हाईक तिकडचंच, म्हणून आम्हीही शिकलो. या कामाला आम्ही जाळीचा क्रोशा म्हणतो. विलायतेत याला फिले म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थच जाळं. मूळचं काम क्रोशाचं नव्हतं. मासे धरायच्या जाळ्यासारखं गाठींचं बारीक जाळं करायचे आणि त्यातली काही घरं सुईने भरून चित्र काढायचे. फेदेरिको विन्चोलो नावाच्या माणसाने १५८७ साली पॅरिसमध्ये अशा चौकटींच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं होतं. म्हणजे तुमच्या हातातली गणिताची वही या कामात सव्वाचारशे वर्षांहून जुनी आहे. क्रोशाने तेच जाळं विणायची युक्ती पुष्कळ नंतरची.

आता काम बघू. यात दोनच गोष्टी येतात, रिकामी चौकट आणि भरलेली चौकट. तिसरं काही नाही. साखळी तुम्हाला माहीत आहे. खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, टाक्यात सुई घालून दोरा ओढून आणायचा, सुईवर तीन फासे होतात, ते दोन-दोन करून सोडवायचे. रिकामी चौकट म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुढचा खांब. भरलेली चौकट म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. लगतच्या चौकटी मधला खांब वाटून घेतात. म्हणून एक भरलेली चौकट चार खांबांची दिसते, पण शेजारी-शेजारी दोन भरल्या तर खांब आठ होत नाहीत, सात होतात. नवीन बाई हमखास इथे चुकते आणि मग कडा तिरपी होत जाते.

सुरुवातीची साखळी किती घालायची याचा हिशेब वहीत लिहून ठेवा. जितक्या चौकटी, त्याच्या तिप्पट. ओळीतली पहिली चौकट रिकामी असेल तर वर पाच, आणि पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. पहिली चौकट भरलेली असेल तर वर तीन, आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. म्हणजे वीस चौकटींची ओळ असेल आणि कड रिकामी असेल तर पासष्ट साखळ्या, कड भरलेली असेल तर त्रेसष्ट. पुढच्या ओळींना वळताना रिकाम्या चौकटीसाठी पाच साखळ्या, भरलेल्यासाठी तीन. एवढं पाठ झालं की नमुन्याचं पुस्तक लागत नाही. वहीत जे काळं कराल ते विणता येतं.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात सगळ्यांनी इंग्रजी अक्षरं विणली. कारण नमुने तेच मिळत होते. मोबाइलवर शोधलं तरी ए-बी-सी-डी येते. इंग्रजी अक्षर सोपं, पाच चौकटी रुंद आणि सात उंच, झालं. पण पट्टीवर इंग्रजीत नाव लिहून दिलं तेव्हा आमच्या मोठ्या काकी म्हणाल्या, हे कोणाचं नाव आहे ते मला कोण वाचून दाखवणार? त्यांना मराठीही वाचता येत नव्हतं, तो भाग निराळा. तरी आम्हाला ते लागलं. मग मराठी अक्षरांचा तक्ता आम्ही स्वतःच काढला. त्याला तीन आठवडे गेले आणि वहीची पानं किती फाडली ते विचारू नका.

मराठीत अडचण अशी की अक्षर एका उंचीचं नसतं. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार. म्हणून जागा आधीच सोडावी लागते. आमचं माप असं ठरलं, अक्षराच्या अंगाला सहा चौकटी, शिरोरेषेला एक, वर तीन, खाली तीन. एकूण तेरा. त्याला वर-खाली किनार धरली की वीस होतात. वीसची उंची म्हणूनच आम्ही पक्की केली आहे.

आता वहीत ‘प’ काढू. आडव्या पाच चौकटी, उभ्या सात. खालून सुरू करा. खालच्या तीन ओळींत फक्त उजवीकडची शेवटची चौकट काळी करा, हा काना. चौथ्या ओळीत डावीकडची पहिली चौकट सोडा आणि उरलेल्या चारही काळ्या करा. पाचव्या आणि सहाव्या ओळीत डावीकडची पहिली आणि उजवीकडची शेवटची, मधल्या तीन रिकाम्या. सातवी ओळ सगळी काळी, ती शिरोरेषा. वही जरा लांब धरून बघा. ‘प’ दिसतो ना? जवळून तो नुसता ठोकळा वाटतो. या कामात दोन हात लांबून बघायची सवय लावून घ्यावी लागते.

काना असलेली अक्षरं आपल्याला सोपी, न, म, ग, त, व, प, स. कान्याचा आधार मिळतो. गोल पोटाची अक्षरं, ट, ठ, ढ, द, ही त्रास देतात, कारण चौकटीत गोलाई कोपऱ्या-कोपऱ्यानेच दाखवता येते. ‘र’ तिरपा आहे, त्याला सात चौकटी उंची असूनही कमी पडते. ‘ख’ तर ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा दिसतो. जुन्या छपाईतसुद्धा हाच घोळ होता. आम्ही ‘ख’चे दोन्ही भाग खाली एका चौकटीने जोडतो, म्हणजे वाचणारा फसत नाही. जोडाक्षरं आली की मात्र सरळ गिऱ्हाइकाला सांगतो, ज्योत्स्ना नाव असेल तर पट्टी लांब होईल आणि पैसे जास्त पडतील. लोक ऐकतात.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. इंग्रजी अक्षरं सुटी-सुटी उभी राहतात, जाळीत हरवतात. आपली शिरोरेषा सगळं नाव एका दोरीत धरते. लांबून अक्षर कळलं नाही तरी नाव आहे एवढं कळतंच.

आता सगळ्यात उपयोगाचं सांगतो. लांब नाव असेल तर ते आडवं विणू नका, उभं विणा. साठ चौकटींची पट्टी आडवी घेतली तर आधी एकशे पंच्याऐंशी साखळ्या घालाव्या लागतात, मोजताना दोनदा चुकतात, शेवटी एक कमी निघते. त्यापेक्षा वही डावीकडे अशी वळवा की शिरोरेषा तुमच्या डाव्या हाताला येईल आणि नावाचं पहिलं अक्षर तळाला येईल. आता ओळ फक्त वीस चौकटींची. पासष्ट साखळ्या घाला आणि वर-वर चढत जा. नाव कितीही लांब असू द्या. आणखी एक फायदा. उभं विणताना शिरोरेषेची भरलेली चौकट प्रत्येक ओळीत एकाच जागी येते. ती सरकली की समजायचं, मोजणी चुकली, आत्ताच उसवा. पुढच्या पाच ओळी वाचतात.

वाचायची दिशा हा दुसरा खड्डा. विणताना काम दर ओळीला उलटतं. म्हणून पहिली ओळ वहीत उजवीकडून डावीकडे वाचायची, दुसरी डावीकडून उजवीकडे, तिसरी पुन्हा उजवीकडून. हे ध्यानात नाही राहिलं तर अक्षराची लापशी होते. आम्ही वहीत प्रत्येक ओळीच्या ज्या टोकाला सुरुवात, तिथे बाण काढतो आणि विणून झालेल्या ओळीवर काडेपेटीची काडी आडवी ठेवतो. सुरुवातच जर उलट्या टोकाने केली असेल तर मात्र रडू नका. दिशा पाळून विणलं असेल तर पट्टी फक्त आरशातल्यासारखी उलटी येते. ती पालथी करा, नाव सरळ दिसेल. या कामाला उलटी-सुलटी बाजू जवळपास सारखीच असते.

सुरू करण्याआधी दहा बाय दहा चौकटींचा तुकडा विणून मोजपट्टी लावा. चौकट खरोखर चौकोनी येते का बघा. प्रत्येकीचा हात वेगळा. एकीची चौकट रुंद आणि बुटकी येते, मग अक्षर बसकं दिसतं. तिने दोनच्या ऐवजी एका साखळीची जाळी घ्यावी, आणि मग सुरुवातीची साखळी चौकटींच्या दुप्पट धरावी, वर रिकाम्या कडेला चार, पहिला खांब सहाव्या साखळीत. एकच पट्टी दोघींनी मिळून विणू नये, हेही यातूनच शिकलो. मध्ये हात बदलला की अर्धं नाव जाडं आणि अर्धं बारीक. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. शिकताना दहा नंबरचा सुती दोरा घ्या, हात बसला की वीस नंबर. वीस नंबरला साधारण एक ते सव्वा मिलिमीटरची सुई लागते. वीस नंबरच्या दोऱ्यात आमच्या हाताने इंचाला पाच चौकटी येतात.

चुकीची गोष्ट निघालीच आहे तर आमची एक सांगतो. लग्नाच्या रुमालाची मागणी फोनवर आली होती. नवरीचं नाव सीमा. आम्ही वहीत ऱ्हस्व वेलांटी काढली. ऱ्हस्वाचा काना ‘स’च्या आधी येतो, दीर्घाचा नंतर. म्हणजे चूक अगदी सुरुवातीलाच. रुमाल धुऊन, खळ देऊन पोहोचवला तेव्हा नवरीच्या आईने पाहताक्षणी सांगितलं. तिचा आवाज चढलाही नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. लग्नाला चार दिवस होते. सगळं उसवलं आणि तिघींनी कंदील लावून, वेगवेगळे नव्हे, पाळीपाळीने पुन्हा विणलं. वर म्हटलं ना, हात बदलू नये. त्या रुमालात हात बदललेला अजून दिसतो. तेव्हापासून नाव फोनवर घेत नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्यायचं, कागदाचा फोटो चालतो, आणि आम्ही वहीत काढलेल्या नावाचा फोटो त्यांना परत पाठवायचा. हो म्हटलं की सुई उचलायची.

आता पैशाचं बोलू, कारण यावरच आमच्या गटात सगळ्यात जास्त भांडणं झाली.

खालच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने नावाच्या पट्टीला १२० रुपये देऊ केले. महिन्याला वीस पट्ट्या घेतो म्हणाला. बैठकीत अर्ध्या बायका म्हणाल्या, घ्या, रिकाम्या वेळात बसल्या-बसल्या होतं, वरचे पैसे आहेत. मग आम्ही घड्याळ लावलं. सहा जणींनी एक-एक तास विणलं आणि चौकटी मोजल्या. सरासरी दीडशे आली. फूटभर लांब आणि चार इंच उंच पट्टी म्हणजे साठ गुणिले वीस, बाराशे चौकटी. म्हणजे आठ तास. दोऱ्याचे ४० रुपये काढले तर १२०तले ८० उरतात. आठ तासांचे ऐंशी, तासाला दहा रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाली, पण खड्डा खणायला बाहेर जावं लागतं, हे तर घरात होतं. यावर काय उत्तर द्यायचं?

उत्तर आम्हाला आंध्रातल्या नरसापूरच्या गोष्टीत सापडलं. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे त्या भागातल्या घराघरांतून ती परदेशात जाऊ लागली. मारिया मिस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांवर पुस्तक लिहिलं, ते १९८२ मध्ये आलं. त्यांनी दाखवलं ते असं, बायका दिवसाचे कितीतरी तास लेस विणत होत्या, पण त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हतं. त्या घरबशा गृहिणी आणि हे त्यांचं फावल्या वेळचं काम, असं सगळे धरून चालले होते, बायका स्वतःसुद्धा. त्यामुळे मजुरी अगदी तुटपुंजी राहिली आणि नफा व्यापार करणाऱ्यांकडे गेला. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण मानांकन नावाला मिळतं. तासाचे पैसे विणणारीला आपणच मोजून मागावे लागतात.

आमचा दर मग असा बसला. आठ तासांचे ३१२, दोऱ्याचे ४०, झाले ३५२. त्यावर गटाचा दहावा हिस्सा ३५, म्हणजे ३८७. आम्ही ३९० सांगतो. नाव वहीत काढायचा, धुवायचा, खळीचा वेळ यात धरलेलाच नाही, हे आम्हालाही कळतं. दाराच्या पूर्ण तोरणाला तीन फूट लागतात, म्हणजे तिप्पट चौकटी, तीन दिवस. ते हजाराच्या वर जातं.

व्यापारी अर्थातच गेला. आणि खरं सांगायचं तर ३९० देणारे फार नाहीत. एका ताईने त्या व्यापाऱ्याला गटाबाहेरून दीडशेने पट्ट्या दिल्या. बैठकीत कळलं तेव्हा काही जणी तिच्यावर धावून गेल्या. तिच्या घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, सासू आजारी होती, तिला त्या आठवड्यात रोख हवी होती. तिला काय बोलणार? आम्ही ठराव केला तो दंडाचा नाही. अशी नड आली तर गटाच्या बचतीतून आधी उचल द्यायची आणि पट्टी गटानेच ठेवून घ्यायची. हा ठराव झाल्यापासून चार जणींनी उचल घेतली आहे. एकीची अजून फिरलेली नाही.

मग विकायचं काय? आम्हाला छोट्या वस्तूंनी तारलं. तोरणमाळला पावसाळ्यात धुकं बघायला, यशवंत तलावावर फिरायला लोक येतात, आणि महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला तर लोटच्या लोट येतात. ते तीन दिवस थांबत नाहीत. त्यांच्यासाठी एका अक्षराचा चौकोन, पंधरा बाय पंधरा. सव्वादोनशे चौकटी, दीड तास. मजुरी साडेअठ्ठावन, दोरा आठ, चावी अडकवायची कडी पाच, वर दहावा हिस्सा. ऐंशी रुपये. माणूस सकाळी चहा घेताना अक्षर सांगतो, डोंगर फिरून येतो, जाताना वस्तू घेऊन जातो. आपल्या अक्षराची वस्तू डोळ्यांसमोर तयार झालेली असली की कोणी घासाघीस करत नाही, हा आमचा अनुभव.

धडगावकडच्या आमचूराच्या पुड्या आम्ही विकतोच. त्यातल्या काही जाळीच्या बटव्यात घालून दिल्या. बटवा म्हणजे दोन चौकोन, तीन बाजूंनी जोडलेले, वरच्या रिकाम्या चौकटींतून साखळीची दोरी ओवलेली. ओवायला वेगळी भोकं करावी लागत नाहीत, जाळी हीच भोकं. आमचूर संपला तरी बटवा उरतो, त्यावर गावाचं नाव. याला दिवाळीआधी चांगली मागणी आली.

चित्रांचंही तसंच. पुस्तकातले गुलाब आणि हंस आम्ही सोडून दिले. होळीला डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून, कमरेला भोपळे बांधून नाचणारा गडी पंचवीस चौकटींच्या उंचीत छान बसतो. टोपाची पिसं म्हणजे एकाआड एक उभ्या रांगा. भोपळे म्हणजे कमरेला दोन-दोन चौकटींचे ठोकळे. हा नमुना एका शाळकरी मुलीने काढला, आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. काही जुनी माणसं म्हणाली की नाचणारा गडी नवसाचा असतो, तो ताटाखाली घालू नका. म्हणून तो आम्ही भिंतीच्या पट्टीवरच विणतो, ताटावरच्या रुमालावर नाही.

मोठ्या काकींचं सांगायचं राहिलं. त्यांना अक्षरओळख नाही, पण चौकटी त्या कोणाहीपेक्षा अचूक मोजतात. चाळीस-पन्नास नावं त्यांनी विणली, एकही वाचता न येता. एक दिवस म्हणाल्या, माझं नाव काढून द्या. वहीत काढून दिलं, त्यांनी पट्टी विणली आणि दाराच्या आत लावली, बाहेर नाही. पुढच्या महिन्यात गटाच्या हजेरीवर अंगठ्याचा पॅड पुढे केला तर त्यांनी पेन मागितलं. आणि त्यांनी नाव लिहिलं ते खालून वर. आधी काने, मग मधली जोडणी, शेवटी एकदम सगळ्यावर शिरोरेषा. लिहायला पाच मिनिटं लागली. बँकेत अजून अंगठाच चालतो, कारण खात्यावर नोंद अंगठ्याची आहे. सही बदलायचा अर्ज दिला आहे.

राहिलं धुणं आणि खळ. काम पूर्ण झालं की ते मळकं दिसतंच, हाताचा घाम असतो. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. मग पातळ खळ. तांदळाची पेज गाळून, किंवा साबुदाणा उकळून गाळून, एवढी पातळ की बोटांत चिकट लागेल पण पांढरी दिसणार नाही. जाड गादीवर जुन्या धोतराचा तुकडा घाला, त्यावर पेन्सिलने चौकोन आखा आणि ओली पट्टी त्या रेषेवर ताणून टाचण्या लावा. टाचण्या गंज न लागणाऱ्या घ्या. आधी कोपरे, मग बाजूंचा मध्य, मग उरलेलं. सावलीत वाळू द्या. विणताना वाकडी वाटणारी पट्टी इथे सरळ होते, म्हणून हे टाळू नका.

आमच्याकडे आषाढ-श्रावणात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, घरात धुकं शिरतं. तेव्हा खळ दिलेलं काम वाळत नाही आणि त्याला बुरशी येते. शिवाय खळीला कसर लागते. त्यामुळे पावसाळ्यात आम्ही फक्त विणतो, धुऊन कोरडं करून, खळ न देता डब्यात ठेवतो, आणि खळ विकायच्या आठवड्यात देतो. सुईसुद्धा सांभाळा. दमट हवेत स्टीलच्या सुईला गंज चढतो आणि त्याचा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून जात नाही. सुई पुसून, पावडर लावलेल्या कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. गंज आलाच तर ती सुई रंगीत दोऱ्यासाठी बाजूला काढा.

तर वहीत ‘प’ काढला आहे. त्याच्या शेजारी एक चौकट सोडून आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढून बघा. शिरोरेषा त्याच सातव्या ओळीत येऊ द्या. नाही जमलं तर रबराने खोडा. अजून सुई उचललेली नाही, काही उसवायचं नाही.